पातळ सोल, लांबची वाट

वाचकांचे प्रश्न

डोंगरात लांबवर चालायला पातळ, हलके, टाच न उचललेले म्हणजे ‘मिनिमलिस्ट’ बूट घ्यावेत का, या एकाच विषयावर इतकी पत्रं साचली होती की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि काही पत्रं थोडी छाटली आहेत.

प्रश्न : मी पाहिलेल्या बुटावर ‘झीरो ड्रॉप’ लिहिलं आहे. एका बुटाचं वजन २६० ग्रॅम, टाचेखाली सोलची जाडी २५ मिमी. विकणारा म्हणतो हा मिनिमलिस्ट आहे. ट्रेकचा जोडीदार म्हणतो ही तर गादी आहे. खरं कुणाचं?

दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. ड्रॉप म्हणजे टाचेखालची जाडी वजा चवड्याखालची जाडी. दोन्हीकडे २५ मिमी असेल तर ड्रॉप शून्य भरतो, पण जमीन पावलापासून २५ मिमी लांबच राहते. झीरो ड्रॉपवरून फक्त टाच उचललेली नाही एवढंच कळतं. सोल पातळ आहे की जाड, ते कळत नाही.

२०१५ साली ११ देशांतल्या ४२ तज्ज्ञांनी मिळून यासाठी एक मोजपट्टी ठरवली. वजन, जाडी, ड्रॉप, लवचीकपणा आणि पाऊल आवळून किंवा तोलून धरणाऱ्या करामतींचा अभाव, या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की टक्के मिळतात. वजन १२५ ग्रॅमच्या आत असेल तर ५ गुण, ३२५ किंवा त्यावर गेलं की शून्य. जाडी ८ मिमीच्या आत असेल तर ५, ३२ मिमीपासून शून्य. ड्रॉप १ मिमीच्या आत असेल तर ५, १३ पासून शून्य. तुमच्या बुटाला वजनाचे २, जाडीचे २, ड्रॉपचे ५, आत कमानीला टेकू किंवा टाचेभोवती कडक वाटी नसेल तर त्याचे ५ आणि लवचीकपणा मध्यम धरला तर ३. बेरीज १७, म्हणजे ६८ टक्के. १२ मिमी जाडीचा, २१० ग्रॅमचा, हातात गुंडाळता येणारा बूट याच हिशेबाने ८८ टक्क्यांवर जातो.

मात्र ही पट्टी करणाऱ्यांच्या नजरेसमोर मुख्यतः धावण्याचे बूट होते. डोंगरातल्या बुटाला खाली जाड रबर आणि दाते लागतात, त्यात ४०-५० ग्रॅम सहज जातात आणि गुण कमी होतात. तेवढे जाऊ द्यावेत. गुणांसाठी गुळगुळीत सोल घेऊन ओल्या उतारावर उभं राहण्यात शहाणपणा नाही.

वजनाचा मुद्दा मात्र खरोखर मोठा आहे. पायातलं वजन प्रत्येक पावलाला उचलून पुढे फेकावं लागतं, त्यामुळे तेच वजन पाठीवर असण्यापेक्षा पायात चार ते सहा पट महाग पडतं. बुटाच्या दर १०० ग्रॅममागे चालण्याचा खर्च साधारण १ टक्का वाढतो. ६५० ग्रॅमच्या उंच बुटावरून २६० वर आलात तर दिवसाच्या शेवटच्या चढाला मांड्यांना फरक कळतो. म्हणजे जोडीदाराची ‘गादी’ही काही वाईट सौदा नाही.

प्रश्न : मी दहा वर्षं घोट्याच्या वर येणारे चामडी बूट वापरतो. अडीच महिन्यांनी नऊ दिवसांचा ट्रेक आहे, सॅक ११ किलोची असेल. तोवर पूर्ण पातळ बुटांवर येता येईल का? एकदा १४ किमी चाललो, काही त्रास झाला नाही.

नाही, येऊ नका. आणि त्या १४ किमीवर विसंबू नका. पातळ बूट पहिल्या दिवशी दगा देत नाहीत. पहिल्या दिवशी सगळं छान वाटतं, कारण पोटऱ्या ताज्या असतात. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या कडक होतात, म्हणून पाऊल जमिनीवर जोरात आपटायला लागतं. तिसऱ्या दिवशी तो सगळा भार चवड्याच्या हाडांवर आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर येतो, आणि तुमच्या ट्रेकचे त्यानंतर आणखी सहा दिवस उरलेले असतात. लांबच्या वाटेचा बूट निवडताना एकच प्रश्न विचारायचा: सलग तिसऱ्या दिवशी, ओझ्यासह, उतारावर हा चालेल का?

अडचण अशी की स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, टेंडन आणि हाडं मागे रेंगाळतात. पोटरी ‘झाली तयार’ म्हणते तेव्हा चवड्याचं हाड अजून जुन्या जाड सोलच्या हिशेबातच असतं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सवयीच्या धावपटूंना १० आठवड्यांत हळूहळू प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या मिनिमलिस्ट बुटांवर आणलं, तरी एमआरआयमध्ये त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढलेली दिसली. ते धावणारे होते आणि तुम्ही चालणार आहात, हे खरं. पण तुमच्या पाठीवर ११ किलो आहेत.

उलट बाजूही आहे. २०१९ च्या एका अभ्यासात फक्त असे बूट घालून रोजचं चालणं ८ आठवडे वाढवत नेलं, आणि पावलाचे छोटे स्नायू मुद्दाम व्यायाम केल्याइतकेच बळकट झाले. त्यात पहिले दोन आठवडे रोज २,५०० पावलं, पुढचे दोन ५,००० आणि नंतरचे चार ७,००० असा चढता क्रम होता. घरी हाच क्रम धरा. सगळं सपाटीवर, सॅक न घेता. आठव्या आठवड्यानंतर आधी चढ वाढवा, मग उतार, आणि सगळ्यात शेवटी ओझं. तीन गोष्टी एकाच आठवड्यात वाढवू नका, नाहीतर दुखलं तर नेमकं कशाने दुखलं ते कळणार नाही. ओझं ४ किलोपासून सुरू करून दर आठवड्याला दीड-दोन किलो. हा हिशेब जोडला तर ११ किलोला पोचायला १५-१६ आठवडे लागतात आणि तुमच्याकडे १० आहेत.

म्हणून या ट्रेकला मधला बूट घ्या: ड्रॉप ० ते ४ मिमी, जाडी १८ ते २५ मिमी, पुढे रुंद. वरच्या पत्रातली ‘गादी’ तुम्हाला नेमकी बसेल. त्या बुटालाही सहा आठवडे द्या, कारण चामडी बुटाची उचललेली टाच गेली की पोटरीला रोज थोडं जास्त ताणावं लागतं.

तयारी झाली की नाही हे पाहायला दोन चाचण्या आहेत. पहिली: भिंतीला बोटं टेकवून, गुडघा सरळ ठेवून एका पायावर टाच पूर्ण वर उचला. प्रत्येक पायावर २५ वेळा, शेवटच्या पाच वेळांना उंची कमी न होता. जमलं नाही तर आधी ते. दुसरी: ट्रेकच्या तीन आठवडे आधी सलग दोन दिवस पूर्ण सॅक घेऊन, भरपूर उतार असलेल्या वाटेवर चाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काय होतं ते बघा. पोटऱ्या दोन्ही सारख्या जड असतील तर ठीक. एकाच पायात, एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल तर ठीक नाही. अंथरुणातून उठल्यावरची पहिली पावलं टाचेखाली टोचत असतील तर तेही ठीक नाही.

प्रश्न : नेहमीचा नंबर घेतला तरी उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं. मिनिमलिस्ट बुटात नंबर कसा ठरवायचा?

नंबर विसरा, मिलिमीटर धरा. एका कंपनीचा ४२ दुसरीच्या ४२ शी जुळेल याचा भरवसा नसतो.

संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर, पाठीवर सॅक घेऊन कागदावर उभे राहा. ओझ्याखाली पाऊल पसरतं आणि लांबतं, तेच पाऊल डोंगरात बुटात असणार आहे. पेन्सिल सरळ उभी धरून दुसऱ्याकडून पावलाभोवती रेघ मारून घ्या. स्वतः वाकून मारली तर भार सरकतो. दोन्ही पावलांची लांबी टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मोजा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं दुसरं बोट लांब असतं. मग चवड्याची सगळ्यात रुंद जागा मोजा. मोठं पाऊल धरायचं.

आता बुटातला इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढा आणि मोजा. पाऊल २६२ मिमी असेल तर इनसोल २७२ ते २७५ हवा. पाऊल १०४ मिमी रुंद आणि इनसोल ९८ असेल तर तो बूट ठेवून द्या, चालून चालून सैल होईल या आशेवर घेऊ नका. इनसोलवर उभे राहिलात तर करंगळी आणि अंगठा कडेच्या आत राहायला हवेत. इनसोल चिकटवलेला असेल तर कागदावरची आकृती कापून बुटात घाला. कागद कुठे दुमडतो ते हाताने चाचपलं की कळतं.

काळ्या नखाचं कारण मात्र बहुतेक वेळा बूट लहान असणं एवढंच नसतं. उतारावर पाऊल बुटात पुढे सरकतं आणि नख दर पावलाला पुढच्या भिंतीवर आपटतं. मोठा बूट सैल बांधला तर तेच, फक्त जास्त वेगाने. अडवायचं असतं ते पावलाच्या पाठीवर. घोट्याजवळचं शेवटचं जास्तीचं भोक असेल तर लेस त्यातून बाहेरून आत घालून प्रत्येक बाजूला एक छोटी फास करा, मग प्रत्येक टोक समोरच्या फासातून ओढून बांधा. टाच मागे घट्ट बसते आणि बोटं मोकळी राहतात. खालच्या दोन आडव्या ओळी सैल, वरच्या दोन आवळलेल्या, ही उताराची बांधणी. पाहण्यासाठी उतारावर उभं राहून बुटाचं टोक जमिनीवर तीनदा जोरात मारा. बोटं पुढे लागली तर बांधणी किंवा मापात चूक आहे. नखं ट्रेकच्या दोन-तीन दिवस आधी, सरळ कापा.

पातळ बुटात एक वेगळी चूक होते. पुढची रुंदी आवडते म्हणून लोक मधल्या भागातही सैल बूट घेतात. मऊ सोलला स्वतःचा ताठपणा नसतो, म्हणून डोंगर आडवा कापत जाताना पाऊल सोलवरून घरंगळून कडेला येतं आणि तुम्ही बुटाच्या कापडावर चालायला लागता. बोटांना जागा हवी, पण मधला भाग मिठी मारल्यासारखा हवा.

प्रश्न : घोट्याला आधार नाही, मग पाय मुरगळणार नाही का?

उंच कॉलर घोटा मुरगळू देत नाही ही समजूत जितकी पक्की आहे तितका तिचा पुरावा पक्का नाही. मुरगळताना पाऊल आत वळतं आणि सगळं वजन बाहेरच्या कडेवर येतं. सोल जितका उंच आणि कडक, तितकी ती कड घोट्यापासून लांब आणि वळवणारा जोर जास्त. पातळ मऊ सोल दगडाच्या आकाराप्रमाणे वाकतो, पाऊल जमिनीच्या जवळ असतं आणि तिरपेपणा तळव्याला लवकर कळतो. या बाबतीत पातळ बूट बिचारा उगाच बदनाम आहे.

पण दोन अटी. घोटा याआधी मुरगळला असेल तर एका पायावर डोळे मिटून ३० सेकंद उभं राहता येतं का ते पाहा. दुखऱ्या बाजूला जमत नसेल तर बुटावर बोलण्याआधी तोलाचा व्यायाम रोज करा, आणि ट्रेकमध्ये लेसचा ब्रेस, म्हणजे लेसने आवळायचा घोट्याचा पट्टा, वापरा. तो खुज्या बुटात बसतो. दुसरं, दमल्यावर आणि अंधारात घोटा मुरगळण्याची शक्यता वाढते, मग बूट कोणताही असो. दोन काठ्या हातात असतील तर उतारावर गुडघ्यांचा भारही हलका होतो.

प्रश्न : घसारा आणि सुट्या टोकदार दगडांच्या वाटेवर तळवे सोलवटून निघतात. सोलमध्ये प्लेट असलेला बूट घेऊ का?

टोकदार दगडाचा कोपरा चवड्याच्या दोन हाडांच्या मधोमध आला की काय होतं ते पाहा. ८ मिमीच्या मऊ सोलमध्ये कोपरा तसाच वर उमटतो आणि सगळं वजन नखाएवढ्या जागेवर येतं. रॉक प्लेट म्हणजे सोलच्या आत घातलेला पातळ, कडक प्लास्टिकचा पत्रा. तो दगडाचा जोर तळहाताएवढ्या जागेवर पसरवतो. बूट थोडा ताठ होतो, पिळला तर कमी वळतो, आणि तळव्याला मिळणारी खबर निम्म्यावर येते.

दिवसाचा तासभर घसारा असेल तर प्लेट नको, वेग कमी करा. नजर दोन-तीन पावलं पुढे ठेवून पाऊल आपटण्याऐवजी सपाट टेकवा. पण दिवसच्या दिवस सुट्या दगडांतून जाणार असाल तर प्लेट घ्याच. शक्य असेल तर इनसोलखाली सरकवून काढता-घालता येणारी. आमचं मत विचाराल तर १२ मिमी अधिक प्लेट ही जोडी, प्लेट नसलेल्या २० मिमी मऊ फोमपेक्षा दगडात बरी. फोम दर दिवशी थोडा दबत जातो, पत्रा दबत नाही. सोलखालचे दाते ३ ते ५ मिमीचे पुरतात. त्याहून खोल दाते चिखलात छान, पण कातळावर ते वाकतात आणि बूट डुगडुगतो. पातळ सोलला तर प्रत्येक दाता तळव्याला खाली खडा असल्यासारखा टोचतो.

प्रश्न : प्रशिक्षक सांगतात, पातळ बुटात टाच आधी टेकवायची नाही, चवड्यावर चालायचं. दोन तासांत पोटऱ्या भरून येतात.

येणारच. धावण्याचा सल्ला चालण्याला लावला आहे. अनवाणी चालणारा माणूसही टाच आधी टेकवतो. २०१० साली मोजलं गेलं तेव्हा टाचेऐवजी चवडा आधी टेकवून चालायला ५३ टक्के जास्त ऊर्जा लागली. नऊ तासांच्या वाटेवर तेवढं कुणाला परवडतं? टाच टेकू द्या, आपटू देऊ नका. त्यासाठी पाऊल थोडं आखूड टाकायचं, म्हणजे टाच शरीराच्या फार पुढे पडत नाही. तीव्र चढावर चवडा आपोआप आधी येतो, तिथेही संधी मिळेल तिथे दगडावर टाच टेकवून पोटरीला विश्रांती द्या.

प्रश्न : संपूर्ण लांब ट्रेक सँडलवर करणारे लोक दिसतात. बोटांमधून पट्टा जाणारी पातळ सँडल चालेल का? माझ्या बोटांमध्ये पहिल्याच दिवशी फोड येतो.

चालेल, पण सँडलचं काम सोलपेक्षा पट्ट्यावर ठरतं. या सँडलीत पट्टा तीन जागी सोलला धरलेला असतो: अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मध्ये एक, घोट्याच्या खाली दोन्ही बाजूंना एकेक. टाचेमागून एक फेरा जातो. पाऊल पुढे सरकलं की सगळा भार त्या बोटांमधल्या खुंटीवर येतो आणि तिथली कातडी घासते. म्हणजे फोड बोटांमध्ये दिसतो, पण चूक मागे असते. टाचेचा आणि पाठीवरचा पट्टा सैल असतो.

उतार लागण्याआधी थांबा आणि पावलाच्या पाठीवरचा पट्टा आवळा, पाऊल मागे सरकवून. चढावर टाचेचा फेरा किंचित सैल करा, नाहीतर तो अकिलीसवर घासतो. पाऊल दुपारपर्यंत फुगतं, म्हणून सकाळची बांधणी दुपारी पुन्हा जुळवावी लागते. बकल पावलाच्या वर आलेल्या हाडावर येऊ देऊ नका, बाहेरच्या मऊ बाजूला सरकवा. पट्टा भिजला की सैल होतो आणि तळवाही घसरतो. प्रवाह ओलांडल्यावर लगेच एकदा आवळायचं, ही सवयच लावून घ्या. नवी सँडल आधी दोन आठवडे रोज तासभर घाला, तोवर बोटांमधली कातडी टणक होते. तिथे चिकटपट्टी लावायची तर फोड येण्याआधी, कोरड्या कातडीवर. बोटं वेगळी असलेले मोजे घातले तर गार हवेतही चालतात.

माप बुटापेक्षा नेमकं हवं. बोटांपुढे ५ ते ८ मिमी सोल पुरे. कमी असेल तर अंगठा दगडावर ठेचकाळतो, जास्त असेल तर सोलचं टोक दुमडून अडखळवतं. आत गेलेला खडा काढायला प्रत्येक वेळी वाकू नका. सँडलचं टोक जमिनीवर टेकवून पाऊल किंचित उचला, खडा मागून किंवा बाजूने पडतो. काटेरी झुडपांत मात्र सँडल नको. लांब काटा १० मिमी रबर सहज पार करतो आणि बाजूने तर काहीच आड नसतं.

जे तुटतं ते बहुधा बोटांमधलं टोक. पट्टा सोलखाली गाठ मारून अडकवलेला असेल तर ती गाठ दगडावर घासून झिजते. दर संध्याकाळी सोल उलटा करून बघा. सॅकमध्ये दोन मीटर मजबूत पातळ दोरी ठेवा. त्याच तीन भोकांतून ओवून एक सँडल पुरती बांधता येते. उघड्या टाचांना भेगा पडतात, त्यांच्या कडा घासून रात्री मलम लावून मोजे घाला. खोल भेग पडली की प्रत्येक पाऊल ती उघडतं आणि ती ट्रेकमध्ये भरून येत नाही.

प्रश्न : पावसात आणि प्रवाहांतून जाणाऱ्या वाटेवर वॉटरप्रूफ मिनिमलिस्ट बूट घ्यावा का?

खुज्या बुटात पाणी वरून, घोट्याच्या तोंडातून येतं. आत आलं की वॉटरप्रूफ पडदा तेच पाणी आत धरून ठेवतो आणि बूट दोन-दोन दिवस वाळत नाही. जाळीचा साधा बूट भिजतो, पण चालता चालता पाणी बाहेर फेकतो. भिजणार आहोत हे धरूनच निघा आणि रात्रीसाठी एक मोज्यांची जोडी अशी ठेवा की ती कधीही चालायला वापरायची नाही. पाऊल रोज रात्री काही तास पूर्ण कोरडं राहिलं पाहिजे. पांढरं पडलेलं, सुरकुतलेलं कातडं सोलवटायला वेळ लागत नाही. फोड घर्षणाने येतात आणि ओल्या कातडीवर घर्षण वाढतं. जळजळ जाणवली की पुढच्या वळणाची वाट न पाहता तिथेच बूट काढा.

प्रश्न : बर्फावर?

थोड्या वेळापुरत्या मऊ, कमी उताराच्या बर्फावर चालतो. त्यापुढे नाही. कडक बर्फात पायरी खोदायला ताठ सोल लागतो, पातळ सोलने बर्फाला लाथ मारली तर बोटंच दुमडतात. क्रॅम्पॉनचं, म्हणजे बुटाखाली बांधायच्या काट्यांच्या चौकटीचं, तर विचारूच नका: धातूची चौकट ताठ, बूट वाकणारा, त्यामुळे पट्टे सैल होतात आणि क्रॅम्पॉन नेमका नको त्या जागी निघतो. रबरी जाळीचे मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे छोटे काटे) बसतात, पण रबर मऊ बुटाला चहूबाजूंनी आवळतो आणि बोटांचा रक्तपुरवठा दबतो. पातळ सोलमधून थंडी सरळ वर चढते. दोन मोजे मावतील असा मोठा बूट आणि आत बोटं हलवता येणं, एवढं नसेल तर हिमदंशाची तयारीच झाली म्हणायची.

प्रश्न : पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटामागे, एकाच जागी दुखतं. थोडी सूज आहे. एक्स-रे स्वच्छ आला, मग चालत राहू का?

नको. चवड्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या हाडाला ताणाची चीर पडली की दुखणं असंच असतं: चालल्यावर वाढतं, बसल्यावर कमी होतं, बोटाने दाबलं की नेमकं कळवळायला होतं. सैनिकांच्या लांबच्या कूचमध्ये ही चीर इतकी दिसायची की इंग्रजीत तिचं नावच मार्च फ्रॅक्चर पडलं. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये ती दिसेलच असं नाही. हाडांच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवा, एमआरआयबद्दल विचारा, तोवर पातळ बूट बंद. चीर असताना चालत राहिलं तर हाड पुरतं तुटून जागचं हलू शकतं.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, पावलांना मुंग्या येतात. पातळ बुटाने पावलं बळकट होतील का?

त्यांना हे बूट देऊ नका. पातळ सोलचा सगळा फायदा तळव्याला जाणवण्यावर उभा आहे. जिथे जाणवणंच कमी झालंय तिथे खडा दिवसभर आत राहिला तरी कळत नाही आणि संध्याकाळी जखम दिसते. डॉक्टर १० ग्रॅम दाबाच्या नायलॉन तंतूने तळव्याची संवेदना तपासतात, ती चाचणी करून घ्या आणि बूट त्यांच्या सल्ल्याने घ्या. अंगठ्याचा सांधा आखडलेल्यांनीही मऊ सोलपासून लांब राहावं. त्या सांध्याला वाकायला न लावणारा ताठ, पुढे किंचित गोलवलेला सोल लागतो.

प्रश्न : पातळ बूट किती चालतात? आणि माझे जुने चामडी बूट पाच वर्षं कपाटात होते, घातले तर सोलचा भुगा झाला. असं याचंही होईल का?

तो भुगा पॉलियुरेथेन नावाच्या फोमचा. जाड बुटांच्या मधल्या थरात बहुधा तेच असतं, आणि हवेतली ओल त्याला वर्षानुवर्षं आतून खात राहते, बूट वापरला नाही तरी. पातळ बुटात तो थरच नसेल तर हा धोका नाही. चिकटवलेला जोड मात्र उष्णतेने सुटतो, म्हणून भिजलेले बूट शेकोटीपाशी वाळवू नका.

फोमचे ट्रेल बूट ५०० ते ८०० किमीत दबतात. पातळ बुटात दबायला काही नसतं, त्यामुळे आयुष्य रबर आणि वरच्या कापडावर ठरतं. कापड आधी जातं, करंगळीजवळ, जिथे प्रत्येक पावलाला घडी पडते. ती घडी नव्या बुटातच ओळखा: बूट घालून चवड्यावर उभे राहा, पडलेल्या घडीवर खडूची खूण करा. काढून स्पिरिटने पुसा, लवचीक युरेथेन गोंदाचा पातळ थर शिवणीसकट द्या, २४ तास हात लावू नका. हे पहिल्या दिवशी केलं तर बराच फरक पडतो; भोक पडल्यावर गोंदाला धरायला धड काही उरत नाही. सोल पुढून उचलायला लागला तर दोन्ही बाजू घासून, पुसून, कॉन्टॅक्ट अॅडेसिव्ह दोन्हीकडे लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत १०-१५ मिनिटं थांबा आणि मग एकदाच, नेमकं बसवून दाबा. वाटेतच सुटला तर काठीभोवती आधीच गुंडाळून ठेवलेली मीटरभर चिकटपट्टी कामाला येते. बुटाभोवती फेरे देताना चवड्याच्या वाकण्याच्या जागेमागून द्या, वाकण्याच्या जागी दिली तर तासाभरात फाटते.

बदलायची वेळ पाहायची तर चवड्याखाली पाहा, टाचेखाली नाही. चवड्याच्या मध्याखालचे दाते सपाट झाले की अंगठा बुटात घालून, दुसऱ्या हाताने खालून पेनाचं टोक दाबा. टोक नेमकं कुठे आहे हे अंगठ्याला स्पष्ट कळलं तर त्या जागी रबर संपत आलं आहे. ते बूट गावात वापरायला ठेवा.